घरच्या तिखटाचा हिशेब



होळी आटोपली, उन्हं तापायला लागली की आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. यंदा तिखट घरी करायचं की पाकीट आणायचं? मागच्या आठवड्यात इथेच कोणीतरी लिहिलं होतं की हल्लीच्या सुनांना घरचं तिखट नको, सगळं आयतं पाहिजे. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. जवळपास सगळे पुरुष होते, आणि माझ्याच वयाचे. सहा वर्षांपूर्वी मीही मान डोलावली असती. आज डोलावणार नाही. का, ते सांगतो. आणि सांगता सांगता तिखटाला मिरची कोणती घ्यावी, मसाल्यात काय घालावं हेही सांगतो, कारण ते आता मी स्वतः करतो.

आधी माझं मत सरळ सांगून टाकतो. तिखट घरचंच चांगलं. पण ज्या घरात पुरुष मिरचीचे देठ काढायला बसत नाहीत, त्या घराने खुशाल पाकीट आणावं आणि घरच्या तिखटाच्या गोष्टी सांगू नयेत.

आता पुढचं ऐका.

मी कॉमर्सचा माणूस. नागपूरला जी. एस. कॉमर्स कॉलेजातून बी. कॉम. केलं, १९७४ साली बँकेत लागलो, २०११ साली रिटायर झालो. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. सवय जात नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात मी घरच्या तिखटाचा खर्च वहीत मांडला. मिरची इतक्याची, चक्कीची कुटाई इतकी, धने-जिरे-खोबरं इतकं. भागून किलोचा भाव काढला आणि शेजारी बाजारच्या पाकिटाचा भाव लिहिला. घरचं तिखट बरंच स्वस्त पडलं. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पाहा, शुद्धही आणि स्वस्तही.’

मुलं पुण्यात. मुलाने अंगठा दाखवला. सूनबाईचं उत्तर तासाभराने आलं. एकच ओळ होती.

‘बाबा, यात आईंची मजुरी कुठे मांडली?’

मी वही पुन्हा उघडली. नव्हतीच मांडली. कर्जाच्या कागदात शेतकऱ्याने घरच्या माणसांची मजुरी धरली नाही तर मी त्याला समजावून सांगायचो की भाऊ, असा खर्च काढलास तर तू दरवर्षी नफ्यात दिसशील आणि दरवर्षी बुडशील. आणि माझ्याच वहीत तो रकाना नव्हता. बायकोला विचारलं, ‘तुला किती वेळ लागतो गं तिखटाला?’ ती म्हणाली, ‘मोजला नाही बाप्पा कधी. मोजून काय करता, तुमी थोडेच देनार हाये?’

हसत म्हणाली ती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला माझी माय आठवली.

१९५९ चा उन्हाळा असावा. मी आठ वर्षांचा. पांढुर्ण्यात आमचं मातीचं घर, पुढे ओसरी. आमच्या ओळीतल्या पाच-सहा घरच्या बायका मिळून तिखट कुटायच्या. आज आमच्याकडे, उद्या शेजारी. उखळात मिरच्या, दोघी समोरासमोर उभ्या, मुसळाचा ताल धरलेला. तोंडाला पदर बांधलेला. बाकीच्या चाळत बसलेल्या. आम्ही पोट्टे अंगणात, खकाणा नाकात गेला की शिंकत पळायचो आणि पुन्हा यायचो. आम्हाला ती गंमतच वाटायची.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण चार महिन्यांची होती. दुपारी ती भुकेने रडायला लागली. माय तिला घेऊ शकत नव्हती. कोपरापर्यंत हात तिखटाने माखलेले, लुगड्यावर तिखट, केसात तिखट. आजीने साखरेच्या पाण्याचा बोळा करून तिच्या तोंडात दिला. ती थोडं चोखायची, फेकायची आणि पुन्हा रडायची. माय मुसळ हाणत होती आणि ओसरीकडे पाहत होती. काम अर्ध्यात सोडता येत नव्हतं, कारण बाकीच्या बायका आपापली घरं सोडून आल्या होत्या. संध्याकाळी माय न्हाली, तेव्हा कुठे पोरीला पाजलं. त्याही वेळी हात लावायची भीती, म्हणून आजीने पोरीला धरून ठेवलं. रात्री माय ताकाच्या गंजात हात बुडवून बसली होती. मी विचारलं, ‘काय झालं वं माय?’ तर म्हणाली, ‘काही नाई लेका, हात आग करून राह्यले. झोप तू.’

दुसऱ्या दिवशी बाबूजी जेवताना म्हणाले, ‘यंदाचं तिखट फक्कड जमलं.’ माय हसली. तिची मजुरी तेवढीच.

बाबूजी वाईट नव्हते. तेव्हा सगळ्यांच्याच घरी असं होतं. पण साठ वर्षांनी माझ्या वहीतही तो रकाना कोराच होता, याची लाज वाटली. म्हणून २०२० पासून आमच्या घरचं तिखट मी करतो. बायको खुर्चीवर बसून देखरेख करते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०१७ मध्ये झालं, खाली बसणं तेव्हापासून बंद.

खरं तर त्या २०१७ साली मी एकदा हात पोळून घेतले होते. ती दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली. मी म्हटलं, मिरची मी आणतो, त्यात काय एवढं. एका व्यापाऱ्याकडे लालभडक, चकचकीत, भरदार मिरची दिसली. हाताला जड लागली. मला वाटलं माल चांगला. सहा किलो घेऊन आलो. बायकोने पलंगावर बसल्या बसल्या एक मिरची उचलली आणि वाकवली. तुटली नाही, वाकली. मग तिने ती नखाने उभी फाडली आणि माझ्यासमोर धरली. आत राखाडी बुरशी. दुसरी फाडली, तीच गत. म्हणाली, ‘बँकेत तारण कसं तपासत होते तुमी? वरूनच?’

सहा किलो मिरची उकिरड्यावर गेली. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेली मिरची होती ती. ओल्या मिरचीत बुरशी धरते आणि काही बुरशींचं विष भाजून किंवा दळून जात नाही. तिचं तिखट वरून लालच दिसलं असतं आणि आम्ही वर्षभर खाल्लं असतं.

तेव्हा पहिला धडा हा, की मिरची डोळ्यांनी निवडायची नाही. हाताने, कानाने, नाकाने निवडायची. ती वाकवली की कट्‌ आवाज करून तुटली पाहिजे. मूठभर घेऊन हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे. चार-पाच मिरच्या, त्याही पोत्याच्या वरच्या नाही, हात खोल घालून काढलेल्या, उभ्या फाडून आतून पाहायच्या. वास घ्यायचा, कुबट आला तर पुढच्या दुकानात जायचं. देठासकट मिरची घ्यायची. बिनदेठाची मिरची आयती वाटते, पण देठ निघालेल्या जागेतून ओल आणि कीड आत जाते. पांढरट डागांची मिरची स्वस्त मिळते. तिखटात तिने रंग जातो आणि चवही मरते. दुकानदार चिडला तर चिडू द्या. दहा मिरच्या फाडू न देणाऱ्याकडून सहा किलो घेऊ नये.

दुसरा धडा, एकाच जातीच्या मिरचीचं तिखट करू नये. रंग आणि जाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच मिरचीत दोन्ही पुरेपूर सहसा सापडत नाहीत. कर्नाटकातल्या हावेरीकडची ब्याडगी पाहा. सालीला सुरकुत्या, रंग गडद, पण तिखटपणा बेताचा. आंध्रातली गुंटूरची मिरची जाळाला चांगली. तेजा तर बारीक आणि नुसती आग. आपल्या बाजूची जुनी म्हणजे नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, पण भिवापुरी म्हणून जे विकतात ते सगळं भिवापूरचं असतंच असं नाही, तेव्हा विचारून, ओळखीच्याकडून घ्यावी. आपल्याच मध्य प्रदेशात निमाडात, खरगोन जिल्ह्यात बेडिया गावी मिरचीचा मोठा बाजार भरतो, तिकडचा मालही येतो.

मी ५ किलोला असं घेतो. भिवापुरी मिळाली तर भिवापुरी, नाही तर गुंटूर ३ किलो. ब्याडगी दीड किलो. तेजा अर्धा किलो. घरात लहान लेकरं किंवा पित्ताची माणसं असतील तर तेजा काढून टाका आणि तेवढी ब्याडगी वाढवा. रंग तोच राहील, भाजीचं रूप तेच राहील आणि पोटाला त्रास कमी. आमच्याकडे नातू सुट्टीत यायला लागले तेव्हापासून मी दोन डबे करतो, एक त्यांचा, एक आमचा. पूर्वी घरात कोणाला सोसलं नाही तर ‘सवय कर’ म्हणायचे. पुढे त्यातलेच कितीतरी जण जन्मभर पित्ताची गोळी खात बसले.

एक समज काढून टाका. मिरचीचा जाळ बियांत नसतो. आत जी पांढरी शीर असते, जिला बिया चिकटलेल्या असतात, जाळ तिच्यात असतो. बियांना तो लागलेला असतो एवढंच. म्हणून तिखट कमी करायचं तर नुसतं बी झाडून उपयोग नाही. फार बी राहिलं तर तिखटाचा रंग मात्र फिका पडतो, म्हणून सुटं झालेलं बी मी चाळून काढतो.

आणि हा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. माझ्या मायने ताकात हात बुडवले ते बरोबरच होतं, दूध-ताकाने आग कमी होते. पण त्याआधी हाताला तेल चोळून मग साबण लावला असता तर आणखी आराम पडला असता. आज हातमोजे मिळतात, नाकाला मास्क मिळतो. कोरोनाच्या वर्षी मी पहिल्यांदा तिखट केलं, मास्क घरात होतेच. त्या खोक्यातला एक काढून तोंडाला लावला आणि मला वाटलं, माझ्या मायला नुसता पदर होता.

आता मसाला. इथे माझं मत पक्कं आहे. तिखट वेगळं ठेवा, मसाला वेगळा ठेवा. सगळं एकत्र कुटून वर्षभराचं एकच तिखट करायची पद्धत काही घरांत आहे, तिला नावं ठेवत नाही. पण मग साध्या वरणालाही मसाल्याचा वास येतो आणि रोजची वांगी, रोजची पालेभाजी सगळी एकाच चवीची लागते. तिखट ५ किलो करा, मसाला थोडाच, आणि तोही वर्षातून दोनदा. मसाल्याचं तेल उडून जातं. आठ-दहा महिन्यांचा मसाला म्हणजे नुसता भुसा.

बायकोने सांगितलेलं आणि मी वजनकाट्यावर पक्कं केलेलं प्रमाण देतो. तिला हाताचा अंदाज होता. मला काटा लागतो.

धने १ किलो. जिरे १०० ग्रॅम, शहाजिरे २५. सुकं खोबरं २५० ग्रॅम. खसखस आणि तीळ प्रत्येकी १०० ग्रॅम. दगडफूल ५० ग्रॅम. कलमी, काळे मिरे, मोठी विलायची, सुंठ आणि हळकुंड प्रत्येकी ५० ग्रॅम. लवंग, बदामफूल, तेजपान प्रत्येकी २५. जायपत्री, नागकेशर, हिंग प्रत्येकी १० ग्रॅम.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, थोड्या तेलावर, मंद आचेवर. धने वास सुटेपर्यंत. खोबरं तांबूस होईपर्यंत. खसखस आणि तीळ कोरडेच. दगडफूल सगळ्यात शेवटी. त्यात माती-खडे फार असतात, आधी हाताने निवडून दोनदा चाळून घ्यायचं, नाही तर रश्श्यात दाताखाली कचकच येते. घाईत सगळं एका कढईत टाकलं तर जिरे जळतात आणि खोबरं कच्चं राहतं. नागपूरच्या कोष्टी समाजाचा सावजी रस्सा आपण चवीने खातो. त्याची खुमारी नुसत्या तिखटात नाही, मसाला काळपट होईपर्यंत पण न जाळता भाजण्यात आहे. जवसाच्या तेलाचाही त्यात हात असायचा.

माल कुठला घ्यावा? धने आपल्याच राज्यात गुणा जिल्ह्यातल्या कुंभराजचे नावाजलेले. हळद वर्धा जिल्ह्यातली वायगावची, तिलाही मानांकन आहे. खसखस मंदसौर-नीमचकडची, तिकडे सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, तिचंच हे बी. लवंग नखाने दाबून पाहायची, तेल सुटलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग बाजारात सर्रास येते. मिरे पाण्यात टाकून पाहायचे. पपईचं बी मिसळलेलं असेल तर ते वर तरंगतं.

चक्कीवर एक काळजी. आपल्या आधी कोणाचं काय दळलं ते विचारायचं. पहिलं मूठभर तिखट वेगळं काढायचं, त्यात मागच्याचा माल असतो. आणि चक्कीतून आलेलं गरम तिखट तसंच डब्यात भरायचं नाही. कागदावर पसरून पूर्ण गार करायचं, मग भरायचं. गरम भरलं की आत घाम धरतो, गोळे होतात, पुढे बुरशी. बरणी काचेची चालेल, पण अंधारात ठेवायची. उजेडाने रंग उडतो. वर हिंगाचे दोन खडे.

आता थोडं आपल्याबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, भोपाळकडे तोंड करून. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बँकेतला पत्रव्यवहारही हिंदी-इंग्रजी. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आनंदच झाला. पण पाट्या हिंदीच. मग आपलं मराठी टिकलं कुठे? माझ्या अनुभवाने सांगतो, स्वयंपाकघरात टिकलं. माझा मुलगा हिंदी शाळेत शिकला, पण घरी त्याला कोणी ‘मिर्च पाउडर दे’ म्हटलं नाही, तिखटच म्हटलं. दालचिनीला कलमी, कोथिंबिरीला सांभार हे शब्द त्याला पुस्तकातून आले नाहीत, मसाल्याच्या डब्यातून आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पाहुणे आले, की रश्श्याच्या वासावरून कोणाच्या घरचा मसाला ते ओळखणारी माणसं आपल्यात होती.

म्हणून घरचं तिखट संपू नये असं मलाही मनापासून वाटतं. पण परंपरा म्हणजे दुसऱ्याच्या हाताची आग नव्हे. आणि ही परंपरा तरी किती जुनी? मिरची मुळात आपली नाही. ती अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी आपले पूर्वज मिरे आणि पिंपळी यांवर तिखट खात होते; मिरची हे नावही मिऱ्यावरून पडलं. जी गोष्ट बाहेरून येऊन आपली झाली, ती करायची पद्धत बदलली म्हणून धर्म बुडत नाही.

पाकिटाबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. सगळंच पाकीट भेसळीचं नसतं. भेसळ होते हे खरं. २००३ साली युरोपात भारतीय मिरचीच्या मालात सुदान नावाचा रंग सापडला. कापड, मेण, तेल रंगवायचा रंग तो, खायचा नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच रंगापायी शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत बोलवावे लागले. त्याचा फटका आपल्या इथल्या मिरचीवाल्याच्या नावालाही बसला. पण तपासणीही तेवढीच वाढली. ॲगमार्कचा कायदा १९३७ चा, त्याची केंद्रीय प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. पाकिटावर ॲगमार्क आणि तारीख पाहा. सुटं, उघडं तिखट घेऊ नका. शंका आली तर पाण्याच्या ग्लासात चिमूटभर वरून टाका. रंगाच्या धारा लगेच खाली उतरल्या तर रंग मिसळलेला. तळाशी बसलेलं बोटांनी चोळलं आणि खरखरीत लागलं तर विटेचा भुगा. ज्या सुनेला नोकरी आहे, दोन लेकरं आहेत, तिने असं पाहून-तपासून पाकीट आणलं तर ती आळशी नाही. तिने तिच्या वेळेचा हिशेब केला, जो आपण कधी केला नाही.

तो हिशेब मी आता करतो. मागच्या वर्षीचा सांगतो. मिरची ५ किलो. देठ, डागाळलेल्या आणि सुटं बी मिळून ६०० ग्रॅम गेलं. ऊन आणि चक्कीत मिळून पाव किलो. हाती तिखट ४ किलो आणि वर दीडशे ग्रॅम. भाव लिहीत नाही, तो दर आठवड्याला बदलतो. वेळ मात्र लिहितो. देठ काढायला मी आणि मुलगा, तीन-तीन तास, म्हणजे ६. तीन दिवस ऊन देणं, वरखाली करणं, ३ तास. चक्की २. चाळणं, गार करणं, भरणं २. मसाला निवडणं ३, भाजणं २. एकूण १८ तास. आजच्या कुठल्याही मजुरीने गुणा. घरचं तिखट स्वस्त पडत नाही, मंडळी. शुद्ध असतं, चवीचं असतं, आपलं असतं, पण स्वस्त नसतं. इतकी वर्षं ते स्वस्त दिसलं कारण घरातल्या बाईचे अठरा तास आपण शून्य धरले.

मुलगा सुट्टी काढून दोन दिवस येतो. पहिल्या वर्षी त्याने तसाच डोळा चोळला आणि तासभर बेसिनपाशी उभा होता. बायको म्हणाली, ‘आता कयलं?’ मी काही बोललो नाही, कारण प्रश्न त्याला होता की मला, ते कळलं नाही. आता तो हातमोजे सोबत आणतो. सूनबाई डबा घेऊन जाते आणि मला दर वर्षी विचारते, ‘बाबा, या वर्षी किती तास?’

माझी ती बहीण आता पासष्टीच्या पुढे आहे, सौंसरला असते. तिलाही एक बरणी देतो. साखरपाण्याच्या बोळ्याची गोष्ट मी तिला पहिल्यांदा तेव्हाच सांगितली. तिला अर्थातच काही आठवत नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘दादा, मायचे हात इतके खरखरीत कशानं झाले होते, ते मले आता समजलं.’

तर मंडळी, तुमच्या घरचं तिखटाचं आणि मसाल्याचं प्रमाण खाली जरूर लिहा. कोणती मिरची किती, दगडफूल घालता का, जवस घालता का. जुन्या बायकांना विचारून लिहा, त्यांच्या मुठीतलं प्रमाण वजनकाट्यावर घ्या, नाही तर ते त्यांच्याबरोबर जाईल. आणि प्रमाणाखाली आणखी एक गोष्ट लिहा. देठ कोण काढतं?

तिथे स्वतःचं नाव लिहिता येत नसेल, तर आधी पाट मांडा, मिरची घेऊन बसा. मग सुनांबद्दल बोलू.